फिरती खुर्ची, तांब्या आणि सेरेस

पत्र : माझा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत आहे आणि जेईईचा क्लासही चालू आहे. गेले तीन महिने तो ‘द एक्सपान्स’ नावाची इंग्रजी मालिका पुन्हा पुन्हा पाहतो आहे आणि आता म्हणतो, इंजिनिअरिंग नको, अंतराळविज्ञानच करायचे. त्याचे वडील म्हणतात, हे मालिकेचे खूळ आहे, परीक्षा आली की उतरेल. परवा तर त्याने वडिलांच्या फिरत्या खुर्चीवर बसून, स्वतःला गरगर फिरवत, तांब्यातून पेल्यात पाणी ओतले आणि हॉलभर सांडून ठेवले. विचारले तर म्हणाला, धार वाकते का ते बघत होतो. हे खूळ आहे की आवड, हे कसे ओळखावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपल्याच पत्रात आहे, आणि तेही आपण तक्रार म्हणून लिहिलेल्या वाक्यांत. मालिका पाहून भारावलेली मुले माझ्याकडे दरवर्षी येतात. त्यांतली बहुतेक मुले यानांची नावे, पात्रांची नावे आणि लढायांचे तपशील धडाधड सांगतात. पडद्यावर दिसलेली धार खरी की खोटी, हे तपासायला तांब्या घेऊन बसलेला मुलगा मला क्वचितच भेटला आहे. मात्र एवढ्यावरून आपण निर्णय घ्यावा असे मी म्हणणार नाही, कारण प्रयोग करून थांबणे आणि तो का फसला याच्या मागे लागणे यांत बरेच अंतर आहे, आणि आपला मुलगा त्या अंतरावर नेमका कुठे उभा आहे हे अजून कळायचे आहे.

तो ज्या दृश्याच्या मागे लागला आहे ते पहिल्याच पर्वातले असावे. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रहांच्या पट्ट्यातील सेरेस या बटुग्रहाच्या पोटात माणसांची वसाहत आहे. सेरेसचे स्वतःचे गुरुत्व पृथ्वीच्या जेमतेम तीन टक्के असल्यामुळे तो स्वतःभोवती वेगाने फिरवून आतल्या माणसांना कृत्रिम वजन मिळवून दिले आहे, अशी मालिकेची कल्पना आहे. तिथला एक पोलीस अधिकारी पेल्यात मद्य ओततो, तेव्हा धार सरळ न पडता वळण घेऊन पडते. फिरत्या चौकटीत पडणारी वस्तू बाजूला सरकलेली दिसते, याला भौतिकशास्त्रात कोरिऑलिस परिणाम म्हणतात, आणि तत्त्व म्हणून ते दृश्य बरोबरच आहे.

आता हॉलमधला प्रयोग पाहू. खुर्चीचा अक्ष उभा असतो आणि पाणीही उभेच, म्हणजे अक्षाला समांतर पडते. सेरेसच्या बोगद्यांत मात्र ‘खाली’ म्हणजे अक्षापासून दूर, बाहेरच्या दिशेला. त्यामुळे खुर्चीवर धार वाकली असली, तरी ती प्रामुख्याने बाहेरच्या बाजूला फेकली गेली असणार, आणि ते पडद्यावरचे वळण नव्हे. हा फरक त्याच्या लक्षात आला का, एवढेच त्याला सहज विचारावे. आला नसेल तर बिघडत नाही. तो सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळतो की तो पुन्हा मोबाईलकडे वळतो, ते मात्र पाहावे.

त्यानंतर त्याला एक गणित द्यावे. सेरेसची त्रिज्या सुमारे 470 किलोमीटर आहे आणि तिथे राहणाऱ्यांना पृथ्वीवरील वजनाच्या तीन दशांश वजन जाणवायला हवे. तर सेरेस एका फेरीला किती वेळ घेईल? अकरावीच्या वर्तुळाकार गतीच्या धड्यातील एका सूत्रात हे सुटते आणि उत्तर सुमारे 40 मिनिटे येते. खरा सेरेस एका फेरीला सुमारे 9 तास घेतो. खरी गंमत पुढे आहे. इतक्या संथ फिरण्यात एक वीत उंचीवरून पडणारी धार किती सरकेल, हे काढायला थोडे अधिक डोके लावावे लागते आणि उत्तर येते मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतके. म्हणजे मालिकेतले तत्त्व खरे असले तरी ते वळण डोळ्यांना दिसलेच नसते. दिग्दर्शकाने ते प्रेक्षकांसाठी वाढवून दाखवले आहे. ही उत्तरे कृपया त्याला सांगू नयेत. आवडत्या मालिकेतली चूक स्वतःच्या आकडेमोडीतून सापडल्यावर त्याला राग आला तर तो चाहता आहे, आणि आनंद झाला तर आपण पुढचे बोलू शकतो.

आणखी एक प्रश्न याच गणिताला जोडून येतो. सेरेसला धरून ठेवणारे गुरुत्व तीन टक्के आणि बाहेर फेकणारा परिणाम त्याच्या दसपट, मग बर्फ, क्षार आणि चिकणमातीसारख्या खनिजांचा तो गोळा फुटून विखुरणार नाही का? विखुरणार. सेरेस कशाचा बनला आहे हे ‘डॉन’ या यानाने 2015 पासून त्याच्याभोवती फिरून बरेचसे उलगडले, आणि योगायोग असा की मालिकेचे प्रसारणही त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू झाले. ‘डॉन’च्या आयन इंजिनाचा जोर तळहातावर ठेवलेल्या एका कागदाच्या वजनाएवढा होता. मालिकेतली याने मात्र अर्ध्या वाटेपर्यंत सतत वेग वाढवतात आणि मग उलटी फिरून उरलेली अर्धी वाट वेग कमी करत जातात. पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने असे गेले, तर मंगळ सर्वांत जवळ असताना तिथे पोचायला दोन दिवससुद्धा लागत नाहीत. आपले मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 रोजी निघाले आणि 24 सप्टेंबर 2014 रोजी पोचले. या दोन आकड्यांमध्ये इंधनाचा प्रश्न उभा आहे. मालिकेने तो एका काल्पनिक इंजिनावर सोडवून टाकला आहे, आणि कथेला तेवढी मोकळीक द्यायला हरकत नाही.

हे सगळे मी इतके लांबवतो आहे याचे कारण असे की ‘अंतराळविज्ञान’ या एका शब्दाखाली मुले तीन वेगळी क्षेत्रे एकत्र करतात. मुलाला इंजिनाच्या दृश्यांत रस असेल, तर तो वडिलांना वाटते तितका इंजिनिअरिंगपासून दूर गेलेला नाही, कारण इस्रोत भरती होणाऱ्यांत यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शाखांचे अभियंते मोठ्या संख्येने असतात. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतील बी.टेक.चा प्रवेश तर जेईई ॲडव्हान्स्डमधूनच होतो, त्यामुळे चालू असलेला क्लास वाया जात नाही. सेरेस कशाचा बनला आहे याचे कुतूहल असेल, तर ते ग्रहविज्ञान, आणि त्यासाठी अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा ध्यानात ठेवावी. तारे, दीर्घिका आणि कृष्णविवरे यांकडे ओढा असेल, तर ती खगोलभौतिकी. तिच्या संशोधनाची आयुका (खगोलशास्त्र व खगोलभौतिकी) आणि एनसीआरए (रेडिओ खगोलभौतिकी) ही दोन मोठी केंद्रे पुण्यातच आहेत.

शेवटच्या दोन वाटांसाठी पुण्यासह देशभरातील आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा असते, तर भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईचे सीईबीएस या विज्ञानसंस्थांसाठी नेस्ट ही परीक्षा. आयएटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांच्याबरोबर जीवशास्त्राचेही 15 प्रश्न असतात. अकरावीत जीवशास्त्र सोडलेली मुले इथे नेमकी गाफील सापडतात, तेव्हा ही तयारी आजच सुरू करावी.

वडिलांची खरी चिंता पैशाची असेल, आणि ती रास्त आहे. पाच वर्षांची पदवी, त्यानंतर पीएच.डी.ची साधारण पाच ते सहा वर्षे आणि पुढे कायम नोकरीपर्यंत आणखी काही वर्षे, असा हा रस्ता आहे. पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती म्हणून महिन्याला 37,000 रुपये मिळतात. त्यात एकट्याचे भागते, घराचे कर्ज फिटत नाही. कामाचे स्वरूपही मालिकेसारखे नसते. दिवसाचे बरेच तास संगणकापुढे, दुर्बिणीच्या नोंदींतला गोंगाट वेगळा काढण्यात जातात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास ती लोकांना पाहायला खुली असते. त्या वेळी मुलाला घेऊन वडिलांनी जरूर जावे आणि तिथल्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला, कालचा दिवस कसा गेला, असे विचारावे. ते उत्तर ऐकूनही मुलाला तिथेच यावेसे वाटले, तर वडिलांची अर्धी शंका तिथेच फिटेल.

मालिका बंद करू नये. तिच्यात हिंसा आणि शिवराळ भाषा भरपूर आहे, म्हणून एखादा भाग आपणही त्याच्यासोबत पाहावा आणि तो कुठे थांबवून मागे नेतो ते टिपावे. सहा पर्वे आणि 62 भाग एकदा पाहून झाले आहेत, तेव्हा परीक्षेपर्यंत आठवड्याला एक भाग पुरे. पुढचा प्रयोग न्हाणीघरात करायला सांगावा. सेरेसचे गणित सुटले किंवा मध्येच अडले, तरी तो कागद मला पाठवावा, खाडाखोडीसकट.