पाचपाखाडीतलं पिवळं पडलेलं किचन: पॉलिश की मॉड्युलर?

प्रश्न: आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. इमारत १९९४ची. किचन २००७ साली सुताराकडून करून घेतलेलं: मरीन प्लायवर ओकचं व्हिनियर (लाकडाचा पातळ थर), वरच्या कपाटांना ओकचीच मोल्डिंग, दारांच्या चौकटींनाही तसंच पॉलिश. आता सगळं पिवळट आणि जुनाट दिसतं. मॉड्युलर किचनचं कोटेशन ४,८०,००० रुपयांचं आहे, १२ बिनव्याजी हप्त्यांत. एकरकमी दिले तर ४,५०,०००. पॉलिशवाला मात्र १,०५,००० मध्ये कपाटं, मोल्डिंग आणि चौकटी नव्यासारख्या करून देतो म्हणतो. दोघांचे मिळून हातात १,१५,००० येतात. घरखर्च ७२,०००, एसआयपी २०,०००, मुलाच्या कॉलेजसाठी आरडी १५,०००. कर्ज नाही. बाजूला ६ लाखांची एकच एफडी आहे, ती ऑक्टोबरअखेर पूर्ण होते. मुलगा बारावीला आहे. सोसायटीत पुनर्विकासाचं बोलणं सुरू झालंय. गणपतीआधी काम उरकायचं आहे. एफडी मोडू, हप्ते घेऊ की पर्सनल लोन? मिस्टर म्हणतात, नव्या किचनने फ्लॅटची किंमत वाढेल आणि करातही सूट मिळेल.

उत्तर:

ताई, मॉड्युलर नको. पॉलिश करा, पण गणपतीआधी नको.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पुनर्विकासाचं आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. इमारतीला तीस वर्षं उलटली. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी व्हायला हवं. सेक्रेटरींकडे शेवटचा अहवाल मागा आणि स्वतः वाचा. सभेत विषय निघाल्यापासून घरं रिकामी होईपर्यंत काही वर्षं जातात, कधी विषय बारगळतोही. पण घर रिकामं करायची वेळ आली की बिल्डर भाडं देईल, कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे देईल; तुमच्या किचनचे पैसे कोणी देणार नाही. एका ओट्याच्या मापाची कपाटं दुसऱ्या ओट्याला बसत नाहीत, त्यामुळे ती सोबत नेण्याची आशाही नको. पाच-सहा वर्षं नीट चालेल एवढंच काम तुम्हाला हवंय. त्यासाठी पावणेपाच लाख जास्त होतात.

आता हप्ते. ‘बिनव्याजी’ म्हणजे काय ते कोटेशनमध्येच छापलंय: रोखीने ४,५०,०००, हप्त्यांनी ४,८०,०००. तीस हजारांचा फरक हेच व्याज, फक्त नाव वेगळं. गणित मांडलं तर ते वर्षाला साधारण बारा टक्के पडतं. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना परिपत्रक काढून सांगितलंय. शिवाय महिन्याला ४०,००० आणणार कुठून? एसआयपी आणि आरडी भरल्यावर तुमच्याकडे ८,००० उरतात. एकरकमी ४,५०,००० भरण्यासाठी पर्सनल लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी धरलं तर हप्ता १५,१६० च्या आसपास आणि एकूण व्याज सुमारे ९६,०००. म्हणजे पॉलिशवाला जेवढ्यात अख्खं काम करतो, जवळजवळ तेवढे पैसे नुसते व्याजात जातील. तेही मुलाच्या प्रवेशाच्या वर्षात, जेव्हा आरडीला हात लावायची वेळ येऊ नये.

एफडीकडे ‘पडून असलेले पैसे’ म्हणून बघू नका. सहा महिन्यांचा घरखर्च ४,३२,००० होतो. तो तुमचा अडीअडचणीचा निधी, त्याला हात नाही. उरतात १,६८,०००. किचन त्यात बसलं पाहिजे, आणि बसतं.

पण त्याआधी एक तपासणी करा, कारण पॉलिश फक्त वरून होतं. सिंकखालचं कपाट पूर्ण रिकामं करा, टॉर्च धरा आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे पाइप खाली जातो तिथे, तळाच्या प्लायमध्ये स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. टोक सहज आत गेलं, थर सुटलेले दिसले किंवा पांढरी बुरशी असली तर तो बॉक्स गेला. मग बिजागऱ्यांचे स्क्रू पिळून बघा. नुसते गरागरा फिरत असतील तर तिथल्या लाकडात पकड उरलेली नाही. ओट्याखालच्या प्रत्येक कपाटाला हेच करा. एखाद-दुसरा बॉक्स खराब निघाला तर तेवढाच बदला. सिंकच्या बॉक्सला १८,००० आणि सगळ्या शटर्सच्या, म्हणजे कपाटांच्या दारांच्या, नव्या बिजागऱ्यांना २२,००० धरले तरी एकूण १,४५,००० होतात. अर्ध्याहून जास्त बॉक्स गेले असतील किंवा वाळवी निघाली तर माझं उत्तर बदलेल. तेव्हाही कर्ज काढू नका. प्रवेश होऊ द्या, वर्षभर पैसे साठवा आणि मग साधं किचन करा. मॉड्युलरवाल्याला एवढं मात्र विचारा की बॉक्स कशाचा. आयएस ७१० मार्कचा (मरीन) प्लाय की लाकडाच्या भुशाचा पार्टिकल बोर्ड? पार्टिकल बोर्ड असेल तर सिंकखाली तुमचा जुना मरीन प्लायच जास्त टिकेल. ओटा, टाइल्स, प्लंबिंग आणि गॅसची पाइपलाइन सरकवणं बहुधा त्या ४,८०,००० मध्ये नसतं, तेही लेखी घ्या.

गणपतीची घाई का नको? पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत एवढा दमटपणा असतो की मेलामाइन किंवा लॅकरचं पॉलिश वाळताना त्यावर पांढरट झाक येते, आणि ती काढायला पुन्हा घासावं लागतं. दिवाळी झाली की हवा कोरडी होते. तुमची एफडीही तोवर पूर्ण झालेली असेल, म्हणजे मुदतीआधी मोडल्याचा दंडही वाचला.

रंग की स्टेन, हा निर्णय मला वाटतं घरात सगळ्यात जास्त गाजेल, म्हणून थोडं लांबण लावतो. ओकच्या रेषा उघड्या आणि खोल असतात. वर नुसता रंग मारला की त्या रेषा बारीक खाचांसारख्या दिसतात. गुळगुळीत हवं असेल तर आधी त्या रेषांत ग्रेन फिलर, म्हणजे लाकडाची लांबी, भरून घासावं लागतं, आणि त्याची मजुरी वेगळी. ओकमध्ये टॅनिन नावाचं डाग पाडणारं द्रव्य असतं. पाण्याच्या पांढऱ्या रंगातून ते पिवळे-तपकिरी डाग बनून वर येतं, म्हणून खाली डाग अडवणारा प्रायमर हवाच. ‘दोन हात मारले की झालं’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका. स्टेनचं उलटं आहे: तो लाकडात मुरावा लागतो, जुन्या पॉलिशवर बसत नाही, आणि त्याने रंग गडद होतो, फिका नाही. जुनं पॉलिश काढताना हात जपून हवा, कारण व्हिनियर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. मशीन जरा जास्त फिरली की खालचा प्लाय दिसतो, आणि तो लपवायला रंगाशिवाय पर्याय राहत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर वरच्या शटर्सना फिकट रंग दिला असता आणि खालची कपाटं, मोल्डिंग, चौकटी अक्रोडी स्टेनमध्ये घेतल्या असत्या. शेगडीजवळ पांढरा मॅट रंग नकोच. फोडणीची हळद त्यात बसली की निघत नाही. आणि घासण्याआधी सगळी शटर्स धुण्याच्या सोड्याने धुऊन, कोरडी करून घ्या. सतरा-अठरा वर्षांचा तेलाचा थर तसाच राहिला तर त्यावर कितीही महाग पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारा, सोलून येणारच.

पॉलिशवाल्याला आगाऊ तीस टक्क्यांवर देऊ नका. मजुरी आणि माल वेगळा लिहून घ्या, डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा. आधी एकच शटर पूर्ण करून आणायला सांगा, ते दिवसाउजेडी आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघा, मगच पुढे. शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर पंधरा दिवसांनी. स्प्रे घरात मारू देऊ नका, शटर्स त्याच्या वर्कशॉपला जाऊ देत. घरात कोणाला दमा असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

मिस्टरांच्या दोन मुद्द्यांचं उत्तर छोटं आहे. बँकेचा व्हॅल्युअर कार्पेट एरिया, भाव आणि इमारतीचं वय बघतो, शटर्स उघडून बघत नाही. पुनर्विकासाच्या बोलण्यात असलेल्या इमारतीत तर घेणाराही नव्या फ्लॅटच्या चौरस फुटांचाच हिशेब करतो. करातली सूट घर दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर असते, जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत. स्वतः राहत्या घराला नव्या प्रणालीत तीही नाही, आणि तुम्ही कर्जच घेणार नाही. पॉलिश हा देखभालीचा खर्च, फ्लॅट विकताना तो सहसा नफ्यातून वजाही होत नाही.

ऑक्टोबरअखेर एफडी आपोआप रिन्यू होणार असेल तर आठ-दहा दिवस आधी बँकेत जाऊन ती सूचना बदला. ४,३२,००० ची तीन पावत्यांत पुन्हा एफडी करा, म्हणजे अडचणीला एकच मोडावी लागेल. बाकीची रक्कम बचत खात्यात येऊ द्या, पॉलिशवाल्याचे पैसे तिथूनच जातील.