शंका-समाधान : उन्हातली प्रथिने

प्रश्न : तापमान वाढले की पिके संरक्षक प्रथिने तयार करतात, असे वाचले. मग उन्हाळी टोमॅटोचे झाड हिरवेगार असूनही फुले का गळतात?

उत्तर : प्रथिनाचे काम त्याच्या घडीवर अवलंबून असते. उष्णतेने घडी उलगडते आणि उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटून गोळे होतात. हीट शॉक प्रथिने (एचएसपी), म्हणजे तुम्ही वाचलेली संरक्षक प्रथिने, हे रोखतात. त्यांतली छोटी प्रथिने उलगडलेल्या रेणूला नुसते धरून ठेवतात. एचएसपी 70 ऊर्जा खर्चून घडी परत बसवते, तर एचएसपी 101 झालेले गोळे सोडवते. सोयाबीनचे रोप 28 अंशांवरून 40 अंशांवर नेले की काही मिनिटांतच त्यांची तयारी सुरू होते आणि नेहमीची प्रथिने बनणे मंदावते. म्हणजे जीव वाचतो, पण वाढीच्या मोबदल्यात.

पाण्याच्या ताणात काम करणारी ‘लेआ’ प्रथिने वेगळी. उकळली तरी ती गोठत नाहीत. पक्व होणाऱ्या बियांत ती भरपूर असतात. वाळलेले बी जिवंत राहते त्यात त्यांचाही वाटा आहे.

आता टोमॅटो. पानांत ही यंत्रणा जोमाने चालते, परागकणांत मात्र दुबळी असते. फूल उमलण्याच्या साधारण आठ-दहा दिवस आधी उष्णता लागली तर पराग वांझ निघतो, फळधारणा होत नाही आणि फूल गळते. गळ दिसल्यावर सावली केली तर त्या फुलांना उपयोग नाही. शेडनेट कळ्या बारीक असतानाच लावा आणि तेव्हा पाणी तोडू नका. बाष्पोत्सर्जनानेच झाड थंड राहते.

प्रश्न : कनिष्ठ महाविद्यालयात हे प्रयोगाने दाखवता येईल का?

उत्तर : येईल. सोयाबीनचे दोन दिवसांचे मोड घ्या, प्रत्येक गटात वीस. ओल्या टिपकागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि पिशव्या पाण्यात बुडवा. पहिला गट सतत 28 अंशांवर. दुसरा थेट 45 अंशांवर दोन तास. तिसरा आधी 40 अंशांवर दोन तास, मग लगेच 45 अंशांवर दोन तास. नंतर तिन्ही गट 28 अंशांवर अंधारात ठेवून तीन दिवसांनी मुळे मोजा. तिसऱ्या गटाची मुळे वाढलेली दिसतील, दुसऱ्याची खुंटलेली किंवा मेलेली.

ओव्हन वापरू नका. मोड सुकतात आणि उष्णतेऐवजी कोरडेपणाचाच परिणाम मोजला जातो. दुसरा गटही तगला, तर पाणी हळूहळू तापले असणार. तापत्या पाण्यातच मोडांना प्रथिने बनवायला वेळ मिळतो. म्हणून पाणी आधी 45 अंशांवर स्थिर करा, मगच पिशवी सोडा.