‘मॅन्युफॅक्चरेबिलिटी’ला ‘उत्पादनक्षमता’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: एखाद्या वस्तूचे डिझाइन कारखान्यात कितपत सहज बनेल, हे तपासताना ‘मॅन्युफॅक्चरेबिलिटी’साठी ‘उत्पादनक्षमता’ लिहिले तर चालेल का?

नाही. कारखाना दिवसाला किती नग काढू शकतो, ती उत्पादनक्षमता. ती यंत्रांची आणि माणसांची असते, ड्रॉइंगची नव्हे. ‘निर्मितियोग्य’ जवळ येतो, पण तो ‘बनेल की नाही’ एवढेच सांगतो. इथे मोजायचे असते ते ‘किती सहज’.

एक उदाहरण घ्या. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात ४० मिमी खोल चौकोनी खळगा आहे आणि आतल्या कोपऱ्यांची त्रिज्या २ मिमी दिली आहे. त्यासाठी मिलिंगचा कटर, म्हणजे गोल फिरत धातू कापणारे हत्यार, फार तर ४ मिमी व्यासाचा लावता येतो, म्हणजे खोली व्यासाच्या दहापट झाली. कटर वाकतो, थरथरतो, भिंतीवर लाटा उमटतात, कधी तो तुटतोही. त्रिज्या ६ मिमी केली की १० मिमीचा कटर चालतो आणि खोली व्यासाच्या चौपटच राहते. काटकोनी कोपराच हवा असेल तर गोल कटरने तो निघतच नाही, काम स्पार्कवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्रावर जाते. आत चौकोनी भाग बसवायचा असेल, तर कोपऱ्यांत थोडी जादा गोल खाच काढली तरी भागते. जॉब तिन्ही वेळा ‘बनतो’च. फरक आहे तो सुलभतेत.

म्हणून माझी पसंती ‘घडणसुलभता’ला. ‘घडीव दगड’ छिन्नीने तासून होतो, ‘घडीव दागिना’ ठोकून आणि जोडून. म्हणजे मिलिंगपासून पत्रा वाकवण्यापर्यंत सगळे ‘घडण’मध्ये मावते. सोनाराची ‘घडणावळ’ही याच कुळातली: वजन तेच असले तरी नक्षी किचकट असली की घडणावळ वाढते. मराठी शब्दाला संस्कृत शब्द जोडला म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. तत्समच हवा असेल तर ‘निर्मितिसुलभता’ लिहा, पण समासात ‘ति’ ऱ्हस्व ठेवा.

वापरताना प्रक्रिया आणि नगसंख्या सांगायला विसरू नका. दहा नगांना मिलिंग परवडते, लाख नगांना डाय कास्टिंग लागते, म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात (डायमध्ये) दाबाने भरणे. तिथे नग डायमधून सुटावा म्हणून उभ्या भिंतींना अंश-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो. नुसते ‘घडणसुलभता कमी’ असे न लिहिता ‘डाय कास्टिंगसाठी घडणसुलभता कमी, भिंतींना उतार नाही’ असे लिहावे.