सोसायटीतला वेग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेटपासून शेवटच्या विंगपर्यंत आमचा रस्ता सरळ आहे. 'वेग १० किमी' असे फलक लावले, पाच गतिरोधक घातले. गाड्या तरी सुसाट, आणि पाठदुखीवाले सभासद आमच्यावर चिडलेले. काय करावं? (सचिव, पुणे)

आधी टेप घेऊन गतिरोधक मोजा. मी पाहिलेल्या बहुतेक सोसायट्यांत तो फूटभर रुंद आणि पाच इंच उंच असतो. मणक्याला हिसका बसतो तो यानेच. स्कूटरवाला मात्र कडेला गटाराजवळ सोडलेल्या हातभर फटीतून वेग न सोडता निघून जातो, आणि लहान मुलांच्या सायकली नेमक्या त्याच कडेने येत असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि गोलसर पाठीचा आहे. तो ताशी २५ किमीने ओलांडण्यासाठी आखलेला आहे. पाच काढून असे दोन घाला, पट्टे रंगवा, कडेची फट बंद करा. पाण्याला वाट हवी असेल तर खालून पाइप टाका.

खरा दोष सरळ रस्त्याचा आहे. कुंड्या किंवा पार्किंगच्या जागा आलटूनपालटून डावी-उजवीकडे घेतल्या की गाडीला वळणं घ्यावीच लागतात. मंजूर नकाशातला अग्निशमन गाडीचा मार्ग तेवढा मोकळा ठेवा.

हा खटाटोप कशासाठी, हे सभेत आकड्यांनी सांगा. दोन उभ्या गाड्यांमधून चेंडूमागे मूल धावत आलं. ते दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर ताशी ४० किमीची गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, २० ची साडेपाच मीटर. त्यापुढे ब्रेक लागल्यावर थांबायला ४० च्या गाडीला चौपट अंतर लागतं.

प्रश्न : कमिटीने वेगासाठी ५०० रुपये दंड ठरवून थेट मेंटेनन्सच्या बिलात लावला. चालतं का? (सभासद, ठाणे)

नाही. उपविधींच्या भंगासाठी दंड ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा. ठराव हवा, मग सभासदाला कारणे दाखवा नोटीस, त्याचं म्हणणं ऐकून घेणं, आणि त्यानंतर दंड.

प्रश्न : शेजारचा १५ वर्षांचा मुलगा आवारात स्कूटर उडवतो. वडील म्हणतात, 'खासगी जागा आहे, लायसन्स कशाला?' (नवी मुंबई)

त्या भरवशावर राहू नका. मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' ठरते ती लोकांना तिथे येण्याचा हक्क आहे का यावरून. आवाराबद्दल त्यावर वाद होऊ शकतो. पण निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खालचा गुन्हा आहे आणि त्याला जागेची अट नाही. शिवाय तो मुलगा गेटबाहेर पडला की मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ : पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. वडिलांना हे भांडून नव्हे, घरी चहाला बोलावून शांतपणे सांगा. मुलाची काळजी त्यांनाही आहेच.

प्रश्न : डिलिव्हरीवाल्या मुलांना कसं आवरायचं? (नाशिक)

गेटवर रजिस्टर, फोटो, फ्लॅटला फोन यात त्यांची चार-पाच मिनिटं जातात आणि ती आत रस्त्यावर भरून काढली जातात. नोंद झटपट करा, गेटजवळच बाइक लावायला जागा द्या आणि लिफ्ट वापरू द्या.