रोलर कोण फिरवतं?

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण शनिवार-रविवार मैदानावर गेले आणि सोमवारी कंबर धरली. तीन पानं तक्रार करून शेवटी एका ओळीत तू विचारलं आहेस, ‘काका, या जर्मनीत क्रिकेट खेळण्यात काही अर्थ आहे का?’ खरा प्रश्न तोच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

तू साताऱ्याला जिल्ह्याकडून खेळलीस. सकाळी किट खांद्याला लावून मैदानावर पोचलं की चुना मारलेला, स्टंप ठोकलेले, पाण्याचा पिंप भरलेला. हे सगळं कोण करायचं, त्याचं नाव तुला माहीत होतं का? मला तरी नव्हतं. पुण्यात मी बारा वर्षं खेळलो आणि माळीकाकांना ‘माळीकाका’ यापलीकडे कधी ओळखलं नाही. जर्मनीत आल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की इथे आपल्याला माळीकाका नाहीत. म्हणजे आहेत, पण ते फुटबॉलचे.

‘या लोकांना क्रिकेटचं काही माहीतच नाही’ असं तू लिहिलंस. आजच्यापुरतं खरं आहे. तुझ्या वसतिगृहातल्या मुलीने ‘ते लाकडी हातोडीने चेंडू कमानीतून घालवतात, तेच ना?’ असं विचारलं, म्हणजे ती क्रॉकेटबद्दल बोलत होती. मला हा प्रश्न गेली वीसेक वर्षं दर उन्हाळ्यात एकदा तरी येतो. पण हा खेळ या देशाने कधी पाहिलाच नाही, असं नाही. 1850 च्या दशकात बर्लिनमध्ये इंग्रज-अमेरिकन मंडळी क्रिकेट खेळत होती. 1891 साली बर्लिनमध्येच एक संघटना निघाली, तिचं नाव ‘जर्मन फुटबॉल आणि क्रिकेट संघ’. दोन्ही खेळ एकाच बोटीतून उतरलेले पाहुणे. एक घरजावई झाला आणि दुसरा ओसरीवरच राहिला. इटलीत तर मिलानचा जगप्रसिद्ध फुटबॉल क्लब 1899 मध्ये जन्मला तेव्हा त्याच्या नावात क्रिकेट होतं. फुटबॉलला एक चेंडू आणि कुठलंही पटांगण पुरतं. क्रिकेटला मैदान लागतं, आणि मैदान राखणारा माणूस लागतो. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. स्टुटगार्टजवळच्या एका गावात आम्हाला फुटबॉल क्लबचं जुनं सराव मैदान उन्हाळ्यातल्या शनिवारांपुरतं मिळालं होतं. आम्ही पंधरा जण होतो, निम्मे पुण्या-मुंबईचे आणि बेंगळुरूचे संगणकवाले, बाकी पाकिस्तानी पंजाबी, दोन श्रीलंकन तमिळ, एक ऑस्ट्रेलियन. वर्गणी काढून खेळपट्टी म्हणून अंथरायला कृत्रिम गवताची मॅट घेतली. बावीस यार्ड, म्हणजे वीस मीटरहून थोडी जास्त. कोरडी असताना चार जण उचलतात, भिजली की सहा जण लागतात आणि सहाही शिव्या देतात. तिसऱ्या हंगामात एका शनिवारी आम्ही सामना जिंकलो. पाऊस आला, सगळे पळाले, मॅट तिथेच राहिली. ‘उद्या उचलू’ असं कुणीतरी म्हणालं. तो कुणीतरी मीच. उद्या कुणी आलं नाही, परवाही नाही. पुढच्या शनिवारी मॅट गुंडाळली तर खाली मैदानाच्या बरोबर मधोमध वीस मीटरचा पिवळाजर्द पट्टा. गवत कुजून गेलेलं. प्लाट्झवार्ट, म्हणजे तिथले माळीकाका, सत्तरीचे गृहस्थ, काहीही बोलले नाहीत. गुडघ्यावर बसून त्यांनी ते गवत बोटांनी चाचपलं, हात पँटला पुसले आणि निघून गेले. महिन्याभरात नगरपालिकेचं पत्र आलं. मैदान गेलं. पुढची दोन वर्षं आम्ही शेजारच्या गावात शेताच्या कडेला खेळलो. तिथे चेंडू गवतात गेला की तो शोधण्यात अर्धा डाव जायचा.

त्या वर्षी कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, जर्मनांना क्रिकेट नको आहे. खरं तर त्यांना त्यांचं गवत हवं होतं.

आता तुझ्या बेताकडे वळतो. तुझ्या गावात स्वतंत्र क्लब काढायचा म्हणतेस. काढता येईल. इथे नोंदणीकृत संस्था काढायला सात माणसं आणि एक घटना लागते, मग न्यायालयात नोंदणी. आपल्याकडचं गणपती मंडळ आठव, फक्त इथे पावतीपुस्तक खरं असतं. पण मी सांगेन, आधी गावातल्या जुन्या क्रीडासंस्थेकडे जा. जवळपास प्रत्येक गावात शंभर-दीडशे वर्षांची एक टुर्नफेराइन असते. जिम्नॅस्टिकपासून सुरू झालेली, आज तिच्यात हँडबॉल, टेबलटेनिस आणि आज्यांचा व्यायामवर्ग असं सगळं असतं. त्यांना म्हण, आम्ही तुमचा क्रिकेट विभाग होतो. मैदान, हिवाळ्यासाठी हॉल, विमा, हिशेब तपासणारा खजिनदार हे सगळं तयार मिळतं. बदल्यात त्यांच्या वार्षिक सभेला जाऊन तीन तास बसावं लागेल आणि उन्हाळी जत्रेत सॉसेजच्या गाड्यावर पाळी करावी लागेल. कर. मी शाकाहारी असून केली आहे. चिमटा लांब असतो.

मैदानाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. फुटबॉलचं मैदान साधारण 105 बाय 68 मीटर असतं. मॅट मधोमध लांबीच्या दिशेने टाकलीस तर दोन्ही बाजूंची सीमारेषा जेमतेम 34 मीटरवर येते. तुझा साधा पुलसुद्धा षटकार जाईल आणि मोटारी उभ्या असतात तिथे पडेल. त्यामुळे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, त्या बाजूला हवेतून गेला तर बाद. गल्लीत आपण हेच करायचो. जोशीकाकूंच्या खिडकीवर गेला की आऊट. नियमपुस्तकात हे नाही, पण काचा शाबूत राहतात.

मैदानावरच्या भाषेबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण मी लिहितो, कारण आमचं नाक तिथेच फुटलं, अगदी शब्दशः. 2015 नंतर जर्मनीत अफगाण मुलं मोठ्या संख्येने आली आणि क्रिकेटचं चित्रच बदललं. ज्या गावांत कधी बॅट दिसली नव्हती तिथे संघ उभे राहिले. यातली कितीतरी मुलं पेशावरकडच्या निर्वासित छावण्यांत टेप लावलेल्या टेनिसच्या चेंडूवर शिकलेली. हात असे वेगात फिरतात की विचारू नकोस. आमच्याकडेही चौघे आले. एका सामन्यात उंच उडालेल्या झेलाखाली दोघे धावले. आपला नाशिकचा मुलगा ओरडला ‘माझा!’, अफगाण मुलगा पश्तूत काहीतरी ओरडला, आणि दोघे एकमेकांवर आदळले. एकाचं नाक, दुसऱ्याचा दात, आणि चेंडू जमिनीवर. तेव्हापासून नियम केला, झेलाची हाक जर्मनमध्येच. ‘माइन!’ सुरुवातीला सगळे हसले. पण याचा एक फायदा आधी लक्षातच आला नव्हता. हिंदी-उर्दूच्या गप्पांत तमिळ मुलं आणि तो एकटा जर्मन पोरगा कायम काठावर उभे असायचे. खेळाची भाषा सगळ्यांनाच थोडी परकी झाली, तेव्हा ते आत आले.

त्या जर्मन पोराबद्दल सांगतो. वय अकरा, शेजारी राहायचा, कुंपणाबाहेरचे चेंडू आणून द्यायचा. त्याला पायचीत समजावायला गेलो ही माझी चूक. पायचीत सातारच्या पंचांनाही कळत नाही, असं तूच लिहिलं आहेस. मग सुचलं की इथल्या शाळांत ब्रेनबाल नावाचा खेळ असतो. चेंडू लांब टाकायचा आणि धावत सुटायचं, क्षेत्ररक्षकांनी चेंडू ठरावीक जागी पोचवला आणि तू अजून मध्येच असलीस तर तू ‘जळालीस’. त्याला म्हटलं, धावबाद म्हणजे तेच. त्याच दुपारी त्याने गोलंदाजाच्या टोकाचे स्टंप उडवले आणि ‘फेरब्रांट!’, म्हणजे ‘जळाला!’, म्हणून असा कोकलला, की पंचाने दचकून बोट वर केलं. मुलांना शिकवायचं तर पुस्तकातून सुरू करू नकोस. एक टप्पी आऊट, लागली बॅट की पळ, प्रत्येकाला सहाच चेंडू. आपल्या गल्लीचे नियम त्यांच्या व्यायामाच्या मास्तरांना लगेच पटतात.

आता तुझी मुख्य तक्रार. ‘मी फलंदाज आहे आणि इथल्या क्लबातल्यांनी मला वही देऊन धावा लिहायला बसवलं.’ इथे मी अर्धा तुझ्या बाजूने आहे आणि अर्धा नाही.

पालवणकर बाळूंची गोष्ट तुला माहीत असेल. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते खेळपट्टी झाडायचे, रोलर फिरवायचे, जाळी लावायचे. साहेबांना सराव हवा म्हणून हातात चेंडू आला आणि डावखुऱ्या फिरकीने त्यांनी भल्याभल्यांना नाचवलं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण ते दलित, म्हणून चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा आणि कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते पुढे त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 मध्ये मिळालं. लक्षात घे, तेव्हा क्रिकेट आपल्याकडेही परकाच खेळ होता. मुंबईत पारशांनी 1848 मध्ये पहिला क्लब काढला, आणि पुढे त्यांच्या खेळायच्या जागेवर गोरे साहेब पोलोचे घोडे नाचवायचे. आपण ज्याला परंपरा म्हणतो ती अर्जविनंत्या करत, उखडलेल्या मैदानावर सुरू झाली आहे.

तर, वही धरण्यात कमीपणा नाही. माझ्या लेखी धावा लिहिणारा माणूस सामन्यातला सगळ्यात जागा माणूस असतो. पण वही कायम एकाच्याच हातात देणं, ते मात्र तेच जुनं दुखणं. म्हणून भांडायचं तर असं भांड की वहीची, मॅटची आणि पंचाची पाळी फळ्यावर लिहिली पाहिजे, आणि पहिलं नाव कर्णधाराचं. आमच्याकडे हे मैदान गेल्यानंतर सुरू झालं. एक चांगला वेगवान गोलंदाज मॅट उचलायची नाही म्हणून सोडून गेला. जाऊ दिला. वाईट वाटलं, कारण यॉर्कर फार सुरेख टाकायचा.

आणि पंचाची परीक्षा देऊन टाक. इथल्या साखळी सामन्यांत पंच मिळता मिळत नाहीत. अकरा दाढीवाले अपील करत असताना तू शांतपणे नाबाद दिलंस की पुढच्या आठवड्यात तुला वही कोण देतं ते बघू.

खेळण्याचा रस्ता बंद नाही, हेही सांगतो. महिलांचे क्लब कमी आहेत, म्हणजे रेल्वेने लांब जावं लागेल, पण रांग छोटी आहे. अनुराधा दोड्डबळ्ळापूर कर्नाटकातून आली, हृदयावर संशोधन करणारी शास्त्रज्ञ, आणि जर्मनीची कर्णधार झाली. 2020 च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध तिने चार चेंडूंत चार बळी घेतले, एका धावेत पाच. महिलांच्या सामन्यांना 2018 पासून आणि पुरुषांच्या सामन्यांना 2019 पासून आयसीसीने सगळ्या सदस्य देशांसाठी आंतरराष्ट्रीय टी-20 दर्जा दिला, त्यामुळे हे विक्रम तिच्या नावावर रीतसर नोंदलेले आहेत. तुला जर्मनीकडून खेळायचं तर सलग तीन वर्षांचं वास्तव्य लागेल. तुझा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पुढचं तुझं तू ठरव, आईला मी काही बोलणार नाही.

ऑलिम्पिकची बातमी तू मोठ्या आशेने पाठवलीस. 2023 मध्ये मुंबईतच तो निर्णय झाला, 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये क्रिकेट असणार. पण संघ सहाच. इटलीने 2025 मध्ये पुरुषांच्या टी-20 विश्वचषकाची पात्रता मिळवली तेव्हा आमच्या गटावर रात्रभर फटाके वाजले, म्हणजे चित्रातले. बरं वाटलं. तरी त्या बातमीने आमच्या गावात एक चौरस फूट मैदान वाढलं नाही.

आमचं जुनं मैदान परत कसं मिळालं ते राहिलंच. आम्ही बी आणि माती विकत घेतली, दोन शनिवार तो पिवळा पट्टा उकरला, पेरला, पाणी घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. प्लाट्झवार्ट लांबून बघत होते. तिसऱ्या शनिवारी ते स्वतःचा रोलर ढकलत आले आणि म्हणाले, तुम्ही चुकीचं बी आणलंय. ते बी कुठे मिळतं तो पत्ता त्यांनी कागदावर लिहून दिला. मैदान मिळायला त्यानंतरही दोन वर्षं गेलीच.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी हंगामाआधीचं काम आहे, सकाळी नऊला. रेल्वेने आलीस तर स्टेशनवर घ्यायला येतो. पांढरे कपडे आणू नकोस, रबरी बूट आण. मॅटचे खिळे उपटायची पक्कड माझ्याकडे दोन आहेत. घरी हिने पुरणपोळ्या करायच्या ठरवल्या आहेत, पण डाळ अजून भिजवलेली नाही, त्यामुळे येणार की नाही ते गुरुवारपर्यंत कळव.

तुझा,
काका