कीबोर्ड आला, अ‍ॅडॉप्टर नाही

प्रश्न: दादा, माझ्या भावाने सुरतहून मुलीसाठी यामाहाचा कीबोर्ड पाठवलाय, त्याच्या मित्राकडचा वापरलेला आहे, पण सोबत अ‍ॅडॉप्टर नाही न माहितीचं पुस्तकही नाही. पाठीमागे डीसी इन 12 व्ही लिहिलंय आणि खालून सहा पेन्सिल सेल बसतात, म्हणजे 9 व्होल्टच झाले ना, मग 9 चा घ्यायचा का 12 चा? घरात जुन्या सेटटॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर पडलाय, त्याची पिन बसते. आमच्याकडे लाईटीचा भरवसा नाही आणि कानबाईच्या जागरणाला मुलीला वाजवायचंय, तिचे पप्पा म्हणतात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडून देतो. काय करू?
एक आई, पारोळा तालुका

उत्तर: ताई, सगळ्यात आधी तो सेटटॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर बाजूला ठेवा, पिन बसते म्हणजे चालतोच असं नाही. मी कॉलेजला असताना अमळनेरला माझा पहिला कीबोर्ड असाच गेला, टेपरेकॉर्डरचा अ‍ॅडॉप्टर लावला, पिन छान बसली, बटण दाबलं न आतून जळका वास आला, बस. वडिलांनी कापसाच्या पैशातून घेऊन दिलेला होता तो, अजून आठवलं तरी पोटात कालवतं.

झालं काय होतं तर प्लस-मायनस उलटे होते. तुमच्या कीबोर्डच्या त्या भोकापाशी बारीक चित्र असेल, मधे एक ठिपका, त्याच्याभोवती अर्धवट गोल आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणेची खूण. ठिपक्याची रेघ ज्या खुणेला लागते ती पिनेची आतली बाजू, गोलाची रेघ लागते ती बाहेरची. यामाहाच्या 12 व्होल्टवाल्या पीए-130 अ‍ॅडॉप्टरमधे आत प्लस असतो आणि कॅसिओचा जुना 9 व्होल्टचा एडी-5 नेमका उलटा, आत मायनस. मोबाईलच्या टॉर्चमधे नीट बघा, कीबोर्डवरचं न अ‍ॅडॉप्टरवरचं चित्र सारखंच पाहिजे.

आता 9 का 12? सहा सेलांचे 9 होतात हे तुमचं गणित बरोबर आहे, पण सेलांचा रस्ता वेगळा आणि अ‍ॅडॉप्टरचा वेगळा, म्हणून भोकाजवळ जे छापलंय तेच घ्यायचं, 12 म्हणजे 12. अँपिअर मात्र लागतो तेवढा किंवा जास्त असला तरी चालतो, कीबोर्ड लागेल तेवढाच करंट ओढतो. बाजारात ते जुने जड ठोकळ्यासारखे अ‍ॅडॉप्टर मिळतात ना, ते घेऊ नका, त्यांच्यावर 12 लिहिलेलं असतं पण लोड कमी असला की 15-16 व्होल्टपण देतात, आणि गावातलं व्होल्टेज वरखाली झालं की तेही वरखाली होतात. खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबर आहे तो दाखवून कंपनीचाच मागा, पैसे जास्त जातील पण जाऊ द्या. त्याच नंबरावर यामाहाच्या साईटवर पुस्तकपण फुकट मिळतं.

ट्रॅक्टरची बॅटरी नको म्हणजे नकोच, तिच्या पप्पांना सांगा की इंजिन चालू असलं की तिथे 14 च्या वर व्होल्ट असतात आणि स्टार्टर मारताना झटका बसतो तो वेगळा. जागरणाला सरळ सेलांवर वाजवू द्या. अल्कलाईनचे नवे सहा सेल घ्या, वर सहा जवळ ठेवा, जुने-नवे एकत्र करू नका. साधे स्वस्त सेल आवाज वाढवला की लवकर बसतात, मग आवाज फाटतो, स्क्रीन फिकी पडते आणि कीबोर्ड आपोआप बंद होतो. आत सेल आहेत म्हणून भर गाण्यात लाईट गेली तर ते सांभाळून घेतील असंही धरून चालू नका, आणि कीबोर्ड चालू असताना अ‍ॅडॉप्टरची पिन काढू-घालू नका. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर अ‍ॅडॉप्टर आरामात चालतो. कानबाई झाली की सेल काढून ठेवा, नाहीतर आत पाझरून पत्र्या गंजतात.

पहिल्यांदा चालू करताना आवाज शून्यावर, आधी पिन कीबोर्डात, मग प्लग बोर्डात, मग बटण, मग हळूहळू आवाज. अर्ध्या तासाने आपोआप बंद झाला तर घाबरू नका, कोणी हात लावला नाही की बंद व्हायची सोय असते, यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांत सगळ्यात डावी पट्टी दाबून धरून चालू केला की ती सोय बंद होते. आणि हो, 40 डिग्रीच्या वर ही मशीन चालवायची नसते, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.

शेवटचं, मुलीसाठी. मंडळाचे पेटीवाले बाबा काळी दोनमधे धरत असतील आणि तिला पांढरी एकचाच सा येत असेल तर ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली करायची सोय) 3 ने वाढवून द्या, बोटं तीच राहतील. मग दोघांनी एकच सा धरून ठेवायचा, आवाज लाटेसारखा थरथरला तर पेटी थोडी चढलेली किंवा उतरलेली आहे, कीबोर्डचं ट्यूनिंग थोडं थोडं हलवत राहा, थरथर थांबली की सोडा.