हार्मोनिअम घरी ठेवून ये

प्रिय मुली,

परवा देवल क्लबच्या, आपल्या कोल्हापूरच्या त्या गाण्याच्या संस्थेच्या, दारात तुझी आई भेटली. "बाई, पोरगी बँकेची परीक्षा सोडून संगीत नाटकात जायचं म्हणतीय. तुम्हीच समजवा." समजवायला तिला मीच सापडावी, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

तर आधी आईच्या बाजूचं. बँकेची परीक्षा दे. नाटक कंपनीत पगार, भटारखाना आणि शिकवायला गवई, हे दिवस माझ्याही आधी संपले. आता मिळते ती नाइट, म्हणजे त्या प्रयोगापुरते पैसे, तीही प्रयोग लागला तर. आणि पहिल्या तालमीआधीच नाइट किती आणि गाडीभाडं कुणाचं, हे तोंडानं विचार. मी लाजून विचारलं नाही. एका संस्थेनं दौरा संपल्यावर हातात साडी-नारळ ठेवला. साडी चांगली होती. भाडं मी भरलं.

आता तुझं गाणं. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत 'सौभद्र' नाटकातली तुझी सुभद्रा पाहिली. गळा तयार आहे, तान दाणेदार आहे, त्याबद्दल मी बोलणार नाही, ते बोलणारे पुष्कळ भेटतील. पण 'वद जाऊ कुणाला शरण' सुरू करताना तू काय केलंस, आठवतं का? दोन पावलं पुढं आलीस, पाय जुळवलेस, लोकांकडं तोंड करून डोळे मिटलेस. अगं, पदाचा पहिलाच शब्द 'वद' आहे. वद म्हणजे सांग. ती कुणाला तरी विचारतीय! समोर मैत्रीण उभी आहे, लग्न नको त्या माणसाशी ठरलंय, आणि ही बाई डोळे मिटून समेची वाट बघतीय. मैफलीत हे चालतं. नाटकात तेवढ्यात सुभद्रा विंगेतून घरी गेलेली असते.

हे मला माझ्या तबलजींनी शिकवलं, तेही चारचौघांत. तीन वन्समोअर घेऊन मी फुशारत आत आले. ते डग्ग्याला गवसणी घालता घालता म्हणाले, "गाणं झ्याक झालं. सुभद्राबाई आल्या न्हाईत व्हय आज?" आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी नुसतं गद्य घेऊन त्यांच्याकडं गेले.

गद्याची गंमत कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पदाआधीच्या शेवटच्या दोन वाक्यांखाली ऑर्गनवाला हळूच सूर धरतो. तुझं बोलणं त्या वेळी भलत्याच पट्टीत असेल, तर पद सुरू होताना लोकांना खड्डा लागल्यासारखा धक्का बसतो. ती दोन वाक्यं षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, आसपास आणून ठेवायची, पण गाऊन नाही, बोलूनच. बोलणं कुठं संपलं आणि पद कुठं लागलं हे कळलं नाही, की जमलं. यासाठी ऑर्गनवाल्याशी मैत्री कर. दिग्दर्शकाशी एकवेळ नसली तरी चालेल.

दुसरं दुखणं बालगंधर्वांचं. म्हणजे त्यांचं नव्हे, आपलं. भाऊराव कोल्हटकर १८८२ सालच्या 'सौभद्रा'त सुभद्रा झाले, आपले केशवराव भोसले पोरवयात शारदा म्हणून गाजले, आणि नारायणरावांबद्दल, म्हणजे बालगंधर्वांबद्दल, तर मी काय सांगावं! ही पुरुषांनी घडवलेली बाई आहे. तिची मान वेळावणं, पदर सावरणं, शब्दाच्या शेवटी लाडिक हेलकावा, हे सगळं एका पुरुषानं बाईकडं बघून उचललेलं. तू बाई असून त्याची नक्कल करतेस. बाईची नक्कल करणाऱ्याची बाईनं नक्कल! त्यांच्याकडून शब्दाचं वजन घे, लयीशी लाडीगोडी कशी करतात ते घे. नखरा तुझा तू आण. हिराबाई बडोदेकर ऐक. ज्योत्स्नाबाई भोळे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त उभ्या राहिल्या, तिथं पदं मोजकी आणि लहान होती, तेही समजून घे. जयमालाबाई आणि कीर्ती शिलेदार तर मायलेकी, पण दोघींची धाटणी ऐकून वेगळी ओळखता आली पाहिजे तुला.

भाषेचं थोडं. तू घरी "मी येतो, मी जातो" म्हणतेस. मीही म्हणते, कोल्हापूरची बाई आणखी काय म्हणणार? त्याची लाज धरू नकोस, पण सुभद्रा काही शिवाजी पेठेतली नव्हे. रागाच्या प्रसंगात मी एकदा "मी हा चाललो" म्हणून बाहेर पडले होते. कृष्णाचं काम करणाऱ्याला हसू आवरेना, पुढचं पद त्यानं पाठमोरं उभं राहून घेतलं.

माइकची सवयही करून घे, नाक मुरडू नकोस. कॉलर माइक पदरात लपवतात आणि शालूची जर घासली की खरखर ऐकू येते, म्हणून तालीमसुद्धा शालू नेसून कर. मात्र रोज अर्धा तास माइकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोल. आम्ही ते केशवरावांच्या नावाच्या नाट्यगृहात शिकलो. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू केलेलं ते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना मी शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभी होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. रडले नाही. माझ्या विंगेतली हाताला सवयीची लाकडी कड कुठल्या उंचीवर होती, तेवढंच आठवत राहिले.

आणि हो, प्रयोगाच्या दिवशी मिसळ नको. तांबडा रस्सा प्रयोगानंतर, कितीही वाजलेले असोत.

रविवारी सकाळी ये, दहाच्या आत. 'सौभद्रा'ची संहिता आण, तुझं गद्य तोंडपाठ करून आण. हार्मोनिअम आणू नकोस. तानपुऱ्याचं अॅपही बंद ठेव. आईलाही घेऊन ये, समोर बसवू. तुझा प्रश्न तिला विचारायचा, गाऊन नाही, आणि तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं तरच पुढच्या ओळीवर जायचं.

तुझी,
बाई